पहिल्या तासाला अठ्ठावन्न

मी रक्त तपासायची काचेची नळी बोलतेय. फूटपट्टीएवढी लांब, अंगावर शून्यापासून दोनशेपर्यंत रेघा. माझ्यात रक्त भरून मला तासभर ताठ उभी करतात. लाल कण जितके भराभर खाली बसतात, तितका शरीरात कुठेतरी दाह असल्याचा संशय जास्त. आजाराचं नाव मला कळत नाही. कळतं तेवढंच सांगते, आणि कुणाच्या भिडेखातर कमी-जास्त करत नाही.

१९९८ साली मी रत्नागिरीत आले, मांडवीजवळच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. पडद्यामागे माझा स्टँड, आणि मला धुऊन-वाळवून सांभाळणारी नम्रता. बाहेरच्या बाकावरची बोलणी मला ऐकू यायची. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखले की सगळं घर हळहळतं. तरण्या पोरीने 'उठवत नाही' म्हटलं की तिला आळशी म्हणून मोकळे!

२००३ मध्ये पावस गावचे परशुराम अण्णा, आंब्याच्या बागा असलेले, आपल्या मुलीला घेऊन आले. मनस्विनी, एकोणीस वर्षांची. चार महिने ती कॉलेजला गेली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सकाळी बोटं सुजायची. 'जगून काय करू' म्हणायची.

रक्त माझ्यात भरलं. आता तासभर थांबायचं होतं. अण्णा पडद्याआड आले.

"काय गो नम्रता, वीसच्या आत लिही हो, म्हणजे सगळं ठीक दिसेल. पुढच्या आठवड्यात तिला बघायला येतायत. तशीही ती सोंगंच करते. आम्ही गावात देवाला कौल लावलाय, उजवीकडचीच कळी पडली."

गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली की देव 'हो' म्हणाला. हा कौल.

"अण्णा, आकडा मी मनाने लिहीत नाही. नळीवर दिसेल तो वाचते."

मागून मनस्विनीचा आवाज आला. "देवाला काय विचारलंत तेही सांगा ना. 'पोर सोंग करते ना?' एवढंच! मला काय होतंय ते मला विचारलंत एकदा तरी?"

"बापाशी असं बोलतात?"

"मग कुणाशी बोलू? भिंतीशी चार महिने बोलतेच आहे."

तास भरल्यावर मी अठ्ठावन्न दाखवले. नम्रताने अठ्ठावन्नच लिहिले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांध्यांना दाह दिसतोय, आणखी तपासण्या करू. अंगात असा दाह असला की काहींच्या मनावरही त्याचा भार येतो, असं संशोधक म्हणू लागलेत. सगळ्यांचं तसंच असतं असं नाही. पण हिला सांध्यांचे उपचार हवेत आणि मनाचेही."

"आणि ते बघायला येणारे?"

"त्यांना थांबू दे, अण्णा. ही थांबू शकत नाही."

दोन्ही उपचार सुरू झाले. पुढच्या वर्षी तिच्या रक्ताचा माझ्यावरचा आकडा अठरावर आला. अण्णा खुशीत. "बरी झालीस हो! नळीच सांगतेय."

मनस्विनी भिंतीकडे बघत राहिली. मला असा संताप आला! देवाच्या मागून उठून हा माणूस आता माझ्यामागे लपत होता. अहो, अंगातला दाह उतरला, एवढंच मी सांगितलं. तिच्या मनात काय चाललंय ते माझ्या रेघांवर उमटत नाही.

नम्रताच बोलली, "अण्णा, नळीला काय विचारताय? ती बसलीय ना समोर."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. "काय होतंय गो तुला?"

ती त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "सकाळी दात घासायलासुद्धा नको वाटतं. गेल्या आठवड्यात तीनदा झालं तसं. आधी रोज व्हायचं."

अण्णा खुर्ची तिच्याजवळ ओढून ऐकत राहिले.

आता दवाखान्यात हेच मोजणारं यंत्र आलंय. माझं टोक उडालंय, नम्रता मला टाकून देणार आहे. देऊ दे, मी रडगाणं गाणार नाही. मोठ्या माणसांनो, पोरींचं रक्त जरूर तपासा, पण आकडा हातात आला म्हणून त्यांचं तोंड बंद करू नका. आणि पोरींनो, आकडा चांगला आला तरी आतून बरं वाटत नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. समोर बाप बसला असला तरी.