सरांचा होकार

आमचं घर चालतं ते लोकांना मोटार शिकवून. हे गाडीत बसून शिकवतात आणि मी पुढच्या खोलीतल्या ऑफिसात बसून फोन घेते, वेळा लावते, रडकुंडीला आलेल्या शिकाऊंना पाणी देते. अशा घरातल्या पोरीने चार चाकांकडे पाठ फिरवून दोन चाकांवर जीव जडवावा, याला काय म्हणावं! लहानपणी एका जागी बूड टिकत नसे म्हणून आम्ही तिला खारू म्हणायला लागलो, ते आजतागायत. खारू लिफ्ट दुरुस्त करते. एखाद्या इमारतीत लिफ्ट बंद पडली, आत माणसं अडकली, की हिची मोटारसायकल सुटलीच. मागे अवजारांची पेटी, अंगात काळं जाकीट, डोक्यावर काळं हेल्मेट. काळ्यावर ग्रीसचे डाग दिसत नाहीत म्हणे.

“डाग दिसत नाहीत आणि तूही दिसत नाहीस,” हे म्हणायचे.

“बाबा, एवढा मोठा आवाज करत जाते मी.”

“काचा वर करून, गाणी लावून बसलेल्याला तुझा आवाज काय कपाळ ऐकू येणार?”

यांच्या शिकवण्याची गावभर तारीफ होती आणि ती काही उगाच नव्हती. पहिला धडा मागच्या आवारात. शिकाऊला उभ्या गाडीत बसवायचे आणि मला आमची बंद पडलेली स्कूटर ढकलत बाजूने यायला लावायचे. गाडीच्या पुढच्या काचेच्या कडेला जो जाड खांब असतो, त्याच्या आडोशाने एका चालीत येत राहिलं की आत बसलेल्याला मी दिसतच नसे. “बाई कुठे गेल्या?” हे विचारत. “इथेच तर होत्या आत्ता,” असं शिकाऊ म्हणाला, की यांना स्फुरण चढे. “एवढी धट्टीकट्टी बायको स्कूटरसकट गायब होते, मग धावत्या मोटारसायकलचं काय? नुसती मान फिरवू नका. अंग पुढे घ्या, खांबाच्या पलीकडे बघा. गाडीतला माणूस फक्त गाड्याच शोधतो. तुम्ही माणूस शोधा.” धट्टीकट्टीबद्दल मी दर वेळी डोळे वटारायची. शिकाऊ हसायचे, पण धडा त्यांच्या डोक्यात बसायचा.

पोरीच्या डोक्यात मात्र काही बसेना. यांनी हौसेने भडक पिवळं जाकीट आणलं. पाठीवर, बाह्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या. तिने ते चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाली, “मी काय रस्ता खोदायला चाललेय?” जाकीट खुंटीवर गेलं. हे रोज सकाळी त्याच्याकडे बघत चहा प्यायचे आणि मी दोघांकडे बघून हात टेकले होते.

मग एके दिवशी ती कामावरून आली तर कोपर खरचटलेलं. एका टेम्पोवाल्याने तिच्यावर गाडी घातली होती, आरसा तुटण्यावर निभावलं होतं. मी टेम्पोवाल्याचा उद्धार करायला सुरुवात केली, तर म्हणाली, “आई, तो उतरून धावत आला गं. म्हणाला, ताई, खरंच दिसला नाहीत. खोटं बोलत नव्हता तो. म्हणूनच भीती वाटली.”

दुसऱ्या दिवशी तिने खुंटीवरचं जाकीट काढलं आणि अंगात घातलं. हेल्मेटवर पट्ट्या चिकटवल्या. दिवसाही पुढचा दिवा चालू ठेवायला लागली. बापलेकीचं त्यानंतर असं काही जमलं की जेवताना दुसरा विषय नाही. मोठ्या गाडीच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. त्याच्या बाजूला रेंगाळायचं नाही, एक तर पुढे जायचं, नाहीतर मागे राहायचं. फाट्यावर कुणी थांबलेलं दिसलं की वेग कमी, बोटं ब्रेकवर, नजर त्याच्या चाकावर. तो आपल्याकडे बघतोय असं वाटलं तरी विश्वास टाकायचा नाही. खारू हे सगळं पाळायची. मला बरं वाटायला लागलं होतं. पिवळा ठिपका गल्लीच्या टोकापर्यंत दिसायचा आणि तो वळेपर्यंत मी दारातून हलायची नाही.

आता यांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. शिकाऊ गाडी चालवत असताना हे रस्त्याकडे बघतच नसत. शेजारी बसून, पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर ठेवून, शिकाऊच्या डोळ्यांकडे बघत. म्हणत, “रस्ता तो बघेल. तो बघतोय की नाही, हे मी बघतो.” फाट्यावर शिकाऊने उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे नीट पाहिलं की हे मान हलवून होकार द्यायचे. मग गाडी निघायची. सगळ्या शिकाऊंना त्या होकाराची सवय लागली होती. परीक्षेत शेजारी सर नाहीत म्हणून काही जण फाट्यावर खोळंबून राहिल्याचे किस्से आम्ही हसत हसत सांगायचो. त्यात हसण्यासारखं काही नाही, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या दुपारी गाडीत दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. अत्यंत काळजीपूर्वक चालवणाऱ्या, यांच्या लाडक्या शिकाऊ. परीक्षा तोंडावर आली होती. भाजीबाजाराच्या फाट्यावर त्या थांबल्या. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. यांनी त्यांचे डोळे बघितले. डोळे अगदी शिकवल्याप्रमाणे फिरले होते. यांनी मान हलवली. बाईंनी होकार बघितला आणि गाडी काढली.

उजवीकडून, काचेच्या खांबाच्या आडून, खारू येत होती.

फोन मी घेतला. पलीकडून हे बोलत होते, पण आवाज यांचा वाटेना. “अगं, आपली खारू,” एवढंच तीनदा म्हणाले. शेजारणीने मला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

तिला आत ऑपरेशनला नेलं होतं. पोटात रक्तस्राव, मांडीचं हाड मोडलेलं. बाकावर हे बसले होते. मांडीवर तिचं जाकीट, कापून काढलेलं. समोर भिंतीला टेकून डॉक्टरीणबाई उभ्या होत्या आणि पोलिसाला सांगत होत्या, “मी बघितलं होतं. मी दोन्हीकडे बघितलं होतं.” हे उठून म्हणाले, “साहेब, त्यांनी माझ्या होकारावर गाडी काढली. लिहून घ्या. मी रस्ता बघितला नव्हता.”

मला यांचा राग आला. इतक्या वर्षांच्या संसारात आला नव्हता इतका. जन्मभर दुसऱ्यांना बघायला शिकवलंत आणि पोटची पोर दिसली नाही, असं ओठांवर आलं होतं. पण यांच्याकडे बघितलं आणि ते शब्द गिळले. त्या माणसाला आणखी मारण्यात काही अर्थ नव्हता. मी शेजारी बसले. आमचा जीव त्या बंद दारापाशी टांगणीला लागला होता.

खारू वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने आधी पाणी मागितलं, मग ज्या कामाला निघाली होती त्या लिफ्टमधली माणसं निघाली का ते विचारलं. तिच्याऐवजी दुसऱ्याने जाऊन काढली, असं मी सांगितलं. हे पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. जवळ यायची हिंमत होत नव्हती.

“पोरी, मी तुला बघितलं नाही,” हे म्हणाले.

ती म्हणाली, “मी तुम्हाला बघितलं होतं बाबा. लांबूनच. टपावरची आपली पाटी दिसली, आत तुम्ही दिसलात. एरवी मी फाट्यावर वेग कमी करते. त्या दिवशी नाही केला. म्हटलं, बाबा आहेत.”

हे खोलीबाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी जाऊ दिलं. कधी कधी माणसाला रडू द्यावं लागतं.

त्यानंतर यांनी गाडीला हात लावला नाही. शिकाऊंचे फोन आले की मी काहीबाही सांगून वेळ मारून नेत होते. डॉक्टरीणबाई दर आठवड्याला खारूला भेटायला येत आणि यांची नजर चुकवत बसत. खारू कुबड्यांवर घरात फिरायला लागली, तसं तिचं तोंडही पुन्हा सुरू झालं. एके दिवशी बाई बसलेल्या असतानाच म्हणाली, “तुम्ही शिकायचं सोडलंत ना?”

“आता या जन्मात नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि बाबांनी शिकवायचं सोडलं. म्हणजे जे दोघं आता सगळ्यात नीट बघतील, ते घरी बसणार आणि बाकीचे रस्त्यावर. मला पुन्हा मोटारसायकल चालवायची आहे. कुणाच्या भरवशावर चालवू?”

“तू पुन्हा चालवणार?” मी ओरडलेच.

“आई, लिफ्टमध्ये माणसं अडकायची थांबलीत का?”

दुसऱ्या दिवशी यांनी गाडीवरची धूळ पुसली.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं निघालो. बाई चालवत, शेजारी हे, मागे मी आणि पाय आडवा ठेवून खारू. हे एकदाही बाईंच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. नजर सरळ रस्त्यावर. भाजीबाजाराचा फाटा आला तसा मी खारूचा हात घट्ट धरला.

बाई थांबल्या. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आणि सवयीने यांच्याकडे वळल्या.

“माझ्याकडे बघू नका,” हे हलक्या आवाजात म्हणाले. “मी काही सांगणार नाही. तुम्हीच बघा.”

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला, या वेळी लांबलचक. बाईंच्या कपाळावर घाम आला होता, पण त्यांनी घाई केली नाही. स्टीअरिंगवर छाती टेकेपर्यंत पुढे वाकल्या आणि खांबाच्या पलीकडे बघितलं.

“एक मोटारसायकल येतेय,” त्या म्हणाल्या. “मी थांबलेय.”

यांना ती अजून दिसली नव्हती. मलाही नाही. मग दिसली. एक पोरगेला तरुण, साधा करडा शर्ट, दिवा बंद, कसल्याशा गाण्यावर मान डोलावत भर वेगात आला. आमच्या गाडीकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. आमच्या नाकासमोरून निघून गेला आणि पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. हा आता घरी जाईल, हेल्मेट कुठेतरी भिरकावेल, काय आहे खायला म्हणून विचारेल. त्याची आई त्याला ताट वाढेल आणि उशीर केल्याबद्दल चार शब्द सुनावेल.