पहिल्या शिवणीवर

"सिस्टर, तुमचा काटा बिघडलाय," दवाखान्याचा ढगळ गाऊन सावरत बालवाडीच्या बाई वजनकाट्यावरूनच म्हणाल्या.

"बाई, सकाळपासून सगळे यावरच चढतायत. कुणी तक्रार नाही केली."

"बारीक माणसं कशाला तक्रार करतील?"

सिस्टरला हसू आलं. पण कागदावरचा जुना आकडा पाहिला आणि ते मावळलं. बाईंचं वजन उतरलं नव्हतंच, उलट दोन किलो वाढलं होतं.

डॉक्टर आवाज न चढवता बोलले. "गुडघ्याचं ऑपरेशन आज नाही करता येणार. एवढ्या वजनाला भूल देणं धोक्याचं आहे."

बाईंना पटेना. हे कसं शक्य होतं? झगे तर अंगावर झुलत होते.

किती दिवस झाले, मुलं सतरंजीवर बसायची आणि बाई खुर्चीवर. गोष्ट सांगताना मांडीला मांडी लावून बसता आलं पाहिजे, नाहीतर गोष्ट डोक्यावरून जाते, असं त्यांचं ठाम मत. त्या एका हौसेपायी, ऑपरेशनआधी वजन उतरवायला, त्यांनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं होतं. साधं खायचं आणि रोज तसंच खायचं. अर्धं ताट भाज्या, मूठभर धान्य, जोडीला डाळ नाहीतर अंडं, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळी झेपेल तेवढं चालणं. "घरी काटा ठेवू नका, उगीच जीव टांगणीला लागतो. कपडे सैल झाले की समजा, जमतंय," असंही डॉक्टर म्हणाले होते.

बाईंनी हे ताट मुलांकडून कागदावर रंगवून घेतलं होतं. सुरुवातीला झगे थोडे सैल झालेही. मग गाडी अडली. त्याच झग्याचं तेच बटण आठवड्यामागून आठवडे पोटाशी भांडू लागलं. एका सकाळी बाई आरशासमोर बसून रडल्या. आणि पुढच्याच आठवड्यात तो झगा सैल झाला. मग दुसरा. बाई हरखल्या. आता चहात चमचाभर साखरेनं काय बिघडतंय? पावाला थोडं लोणी लागलं तर कुठे आभाळ कोसळतंय? पाय दुखले की चालणं राहायचं. झगा सैल आहे ना, मग झालं.

पडद्याआड कपडे बदलताना त्यांनी खुंटीवरचा निळा झगा काढला. घाईत उतरवलेला, उलटाच होता. त्या सुलटा करायला गेल्या आणि हात थांबला.

दोन्ही बगलांखाली, शिवणीलगत, गडद निळी पट्टी होती. बाकी कापड धुऊन धुऊन विटलेलं, ही पट्टी मात्र कोरी. तिच्या कडेनं सुईच्या बारीक भोकांची रांग. नवरा शिंपी, बाईंचा जन्म त्याच्या मशीनशेजारी गेला होता. शिवण उसवून आत दुमडलेलं कापड बाहेर सोडलं की अशी खूण राहते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

बाहेर बाकावर नवरा थांबला होता. मांडीवर बाईंच्या चार दिवसांच्या कपड्यांची पिशवी.

"अहो, हे कधीपासून?"

त्यानं पट्टीकडे पाहिलं. मान वर केली नाही. "तू रडलीस ना आरशासमोर... तेव्हापासून."

"सगळे?"

"सगळे. बोटबोटभर." मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, हुरूप येईल तुला."

"आला की. इतका आला, की लोणी खायला लागले."

आयुष्यभर लोकांची मापं घेतलेला माणूस, पण बसल्या बसल्या आक्रसल्यासारखा दिसत होता. बाईंना त्याला फाडून खावंसं वाटत होतं आणि त्याच्या मांडीवरची पिशवीही घ्यावीशी वाटत होती. शेवटी त्यांनी पिशवी घेतली.

घरी येताच त्यांनी सगळे झगे मशीनवर ठेवले. "पहिल्या शिवणीवर घाला."

"अगं, बसणार नाहीत. चार दिवस जाऊ दे."

"नाही बसले तर कळेल तरी."

संध्याकाळभर मशीन चाललं. जेवायला त्यानं दोन ताटं वाढली. दोन्ही सारखी, अर्धी भाज्यांची. स्वतःचं लोणी त्यानं फडताळातून काढलंच नाही.

सकाळी बाई निळा झगा घालून वर्गात आल्या. वरचं बटण लागलं नव्हतं, त्यावर रुमाल टाचला होता.

"बाई, तुम्ही नव्हता ना येणार?" एक चिमुरडी म्हणाली. "आणि तुमचा झगा आटला?"

"झगा आहे तेवढाच आहे, बाळा. बाईच वाढल्यात."

मुलं खिदळली. ती सतरंजीवर गोल करून बसली होती. मधे खडूनं एक मोठं वर्तुळ काढलेलं. ऑपरेशननंतर बाई इथं बसणार, म्हणून राखलेली जागा.

बाईंनी खुर्ची त्या वर्तुळाच्या काठापर्यंत ओढली. "पुसू नका हं ते," म्हणाल्या आणि जपून, शिवण उसवणार नाही अशा बेतानं, खुर्चीत बसल्या.