तिसऱ्या डोसानंतर

कोरोनाची दुसरी लाट होती. इस्लामपूरच्या एका खाजगी दवाखान्यात नेमिनाथअण्णा चार दिवस ऑक्सिजनवर होते. पाचव्या सकाळी डॉक्टरांनी त्यांच्या मुलीपुढे, सुंदरीपुढे, एक छापील कागद सरकवला. नवं इंजेक्शन द्यायचं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, उपयोग सिद्ध झालेला नाही, जबाबदारी नातेवाइकांची.

सुंदरीचं कुंडलला औषधाचं दुकान. तिनं कागद दोनदा वाचला.

"अण्णांची किडनी आधीच अधू आहे. यानं फायदा किती, धोका किती?"

"आता सगळीकडे हेच देतायत."

"ते न्हाई विचारलं मी. तुम्ही किती जणांना दिलं? त्यातले किती उठले?"

"ते मोजत बसायला वेळ कुणाला आहे, ताई?"

धाकट्या भावानं, पारसनं, सांगली पालथी घालून त्या इंजेक्शनाच्या कुप्या मिळवल्या होत्या. तो म्हणाला, "अक्का, सही कर. उद्या गाव म्हणंल, पोरांनी काय केलं न्हाई."

"औषध गावाला द्यायचंय का अण्णांना? त्यांना इचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. ती पीपीई किट चढवून आत गेली आणि अण्णांना काही न लपवता सगळं सांगितलं.

"शेजारच्या खाटंवरचा काल घरी गेला," अण्णा धापा टाकत म्हणाले. "त्याला दिलं हुतं?"

"व्हय. कोपऱ्यातले वारले, त्यांनाबी दिलं हुतं."

अण्णांनी मास्क जरा बाजूला सारला. "मला जगायचंय गं, सुंदरे. दे म्हणावं."

तिनं सही केली. पेनाचं टोक कागदात रुतलं.

तिसऱ्या डोसानंतर अण्णांची लघवी बंद झाली. दोन दिवसांनी ते गेले. हातात पडलेल्या मृत्यूच्या कागदावर कारण म्हणून कोरोना, न्यूमोनिया एवढंच होतं. इंजेक्शनाचा शब्दही नव्हता.

ती तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"तीन डोस दिले, तिसऱ्यानंतर लघवी थांबली. हे लिहा."

"त्यानंच झालं हे कशावरून?"

"मी तसं म्हणतच न्हाई. मला ठाऊक न्हाई, तुमालाबी न्हाई. म्हणून तर लिहा. उद्या दुसऱ्या कुणाची लेक हितं बसून इचारंल, तवा तिला सांगायला काय हाय तुमच्याकडं?"

"बाहेर पेशंट खोळंबलेत."

"खोळंबू द्यात. त्यातल्या कुणाला हेच देणार असाल, तर आधी हे लिहा."

पारस दारात आला. "चल अक्का, अण्णांना न्यायला गाडी आलीय. आपण आपल्या परीनं केलं."

"तू हो म्होरं," ती म्हणाली. ती जागची हलली नाही. रडूही आलं नाही तिला, इतका संताप होता.

शेवटी डॉक्टरांनी पेन काढलं. दोन ओळी खरडल्या, शिक्का मारला. तिनं त्या तिथंच उभ्यानं वाचल्या.

"तारखा ऱ्हायल्या," ती म्हणाली आणि कागद परत त्यांच्यापुढं ठेवला.