शेवटच्या ओळीपर्यंत

आबांचं तेरावं उरकून शीला वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात परतली, तेव्हा तिच्या टेबलावर तिनेच लिहिलेल्या पुस्तिकेचा सातवा धडा सुधारून ठेवलेला होता. सुधारणारे विश्राम सर, कंपनीचे मालक. त्यांनी जन्मात एक पुस्तिका धड वाचली नव्हती. पण सुधारायला आधी वाचावं लागतं, असा काही कायदा नाही.

साल चौऱ्याण्णव. कंपनी सात माणसांची, खालच्या मजल्यावर रबरी वॉशरचा कारखाना. विकायचा माल म्हणजे तयार कोडचा संच. दुसऱ्या प्रोग्रामरांनी तो घ्यायचा आणि आपल्या कामाला जोडायचा. त्याला सगळे लायब्ररी म्हणत, मात्र त्या ऑफिसात वाचणारी शीला एकटीच. त्या संचाची इंग्रजी पुस्तिका लिहिणं हे तिचं काम. सातवा धडा स्वल्पविरामांच्या फायलींचा: एका ओळीत एका माणसाचं नाव, गाव, पिनकोड, मधे स्वल्पविराम. अशी फाइल वाचायच्या पद्धती दोन. एक ओळीओळीने जाणारी, संथ. दुसरी अख्खी फाइल एका घासात घेणारी. तिच्यावर सरांचा फार जीव. फक्त चौसष्ट केबीला, म्हणजे अशा आठेकशे ओळींना, तिचं पोट भरे. मग मावलं तेवढंच हातावर ठेवून ती 'झालं' म्हणून मोकळी होई. उरलेल्या ओळींबद्दल अवाक्षर नाही.

ही खोड पकडली आबांनी, म्हणजे शीलाच्या वडिलांनी. दामाजी आबा एका कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. संध्याकाळी खाडीकडच्या ओट्यावर ते जाळं विणत बसत आणि शीला त्यांना धडा मराठीत सांगे. कारखान्यात प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला असे. बाहेर पडताना तो फळीवरच्या आपल्या खुंटीला लावायचा. पाळी सुटली की आबा बिल्ले मोजत, शेवटच्या खुंटीपासून उलटे. "पयल्यापासून मोजलं का मन पुढं पळतं," म्हणत. सगळे बिल्ले लागल्याशिवाय त्यांनी कधी फाटक लावलं नाही.

सातवा धडा ऐकून ते म्हणाले, "बाय, शेवटची ओळ आली का नाय, हे मला कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवशी शीलाने त्या एका घासाच्या पद्धतीला मोठी फाइल वाचायला लावली, तेव्हा सगळं उघड झालं. तिने धड्यात सूचना लिहिली: वाचून झाल्यावर ओळी मोजा, मूळ फाइलशी ताडून पाहा. त्यानंतर आठव्या दिवशी आबा गेले.

आणि आता ती सूचना नव्हती. तिच्या जागी होतं: कोणतीही फाइल, कितीही मोठी, क्षणार्धात!

"सर, हे खोटं आहे."

"अगं, खोटं कसलं? मार्केटिंग आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढ्या मोठ्या फायली आहेत कोणाकडे?"

ती पद्धत लिहिणारा आनंदा खाली मान घालून म्हणाला, "मी बोललेलो सरांना."

"तू गप रे. शीला, कोणी शोधलं हे?"

"माझ्या वडिलांनी."

"तुझे वडील इंजिनीअर होते का?"

"टाइमकीपर होते. म्हणून त्यांना मोजता यायचं."

"बरं. उद्या छापायला जातंय. विषय संपला."

म्हणजे हातात एक दिवस. सर चहाला वळले तशी शीलाने आनंदाला विचारलं, "ऑफिसातली सगळ्यांत मोठी फाइल कोणती रे?"

आनंदाने हसू दाबलं. "सरांची दिवाळीची यादी. कार्डांवरचे पत्ते तिच्यातूनच छापतो. याच पद्धतीने."

यादी नऊशे ओळींची, आडनावांच्या इंग्रजी क्रमाने. एका घासात आल्या आठशे एकोणीस. शीलाने सरांना बोलावलं.

"सर, तुमच्या यादीत शेवटचं नाव कोणाचं?"

"झेंडे. का?"

"पडद्यावर शेवटी तांबे आहेत. तांब्यांच्या पुढे कोण कोण होतं?"

"तावडे, ठाकूर..." सर पडद्याकडे वाकले. "वैद्य."

डोंबिवलीचे वैद्य म्हणजे सरांचे सासरे. सलग दोन दिवाळ्या जावयाचं कार्ड आलं नाही म्हणून त्यांनी ठाण्याला येणं सोडलं होतं, आणि जावयाने त्याबद्दल पोस्टाकडे तीन खरमरीत तक्रारी धाडल्या होत्या. आनंदाने तोंड चहाच्या कपात खुपसलं.

"हे बाहेर बोलायचं नाही," सरांना आधी सुचलं ते हे. मग म्हणाले, "टाक ती सूचना. पण धड्याच्या शेवटी, बारीक टायपात."

"शेवटपर्यंत वाचतं कोण, सर?" शीला म्हणाली, आणि तिने ती धड्याच्या पहिल्या ओळीत टाकली. सरांनी तपासलं नाही. तपासायला वाचावं लागतं.

तीन आठवड्यांनी पुस्तिका छापून आली. शीला एक प्रत घरी घेऊन गेली. ओट्यावरच्या खिळ्याला अर्धं विणलेलं जाळं तसंच होतं. तिने बसून पानं मोजली, शेवटच्या पानापासून उलटी. एकशे बारा. सगळी होती.

मग ती उठली आणि तिने दार लावलं.