मोरोपंतांच्या मनगटावरचा आरोपी

मी एक जुने मनगटी घड्याळ आहे आणि अकोल्याच्या मोरोपंत वकिलांचा जीव मी वाचवला. नाही, वाचवला नाही. असे काही झालेच नाही, हे त्यांच्या घरात ठरून गेले आहे. तेव्हा मित्रांनो, मीही ते विसरते आणि पहिल्यापासून सांगते.

लग्नात सासऱ्यांनी मला पंतांच्या मनगटावर बांधले. पट्टा ते इतका आवळत की त्यांची नाडी थेट माझ्या पाठीवर ठोके देई. 'माझं घड्याळ म्हणजे हायकोर्ट,' असे ते साऱ्या वकिलांना ऐकवत.

मग बासष्टच्या उन्हाळ्यात पाठीवरचे ठोके बिघडले. दोन घाईघाईने, पुढचा गायबच! बाळापूरच्या कोर्टात उलटतपासणी चालू असताना पंतांना घेरी आली आणि ते साक्षीदाराच्या अंगावर कोसळले. साक्षीदाराने घाबरून सगळे खरे सांगून टाकले.

त्यांचा भाचा हेमचंद्र डॉक्टर. त्याने मलाच समोर धरून नाडी मोजली.

"मामा, ठोका चुकतो. अमरावतीला जाऊन हृदयाचा आलेख काढू."

"माझा ठोका? अरे, घड्याळ अडखळून राहिलं!"

आणि मला दुरुस्तीला धाडले! आजारी माणूस घरी पुरणपोळीवर, निरोगी घड्याळ पोट उघडून टेबलावर. "याले काहीच नाही झालं," खुशालराव घड्याळजी म्हणाले. पंत ऐकेनात, म्हणून त्यांनी मला तेल पाजले. घरी आले, नाडी मोजली, ठोका गायब. पुन्हा तेल. मी भज्यासारखे तेलकट झाले आणि पंत पांढरे पडत चालले.

शेवटी त्यांच्या पत्नीने, सत्यभामाबाईंनी, मला हाती बांधून स्वतःची नाडी मोजली. बरोबर. मग हेमचंद्रची, मग शेजारणीची. बरोबर.

"अहो, साऱ्या गल्लीच्या हातावर हे नीट चालते. तुमच्याच हातावर काहून बिघडते? उठा, मोटार स्टँडवर चला!"

मला महिनाभर पाठीवर जे लागत होते, तेच अमरावतीच्या यंत्राने कागदावर काढून दाखवले. औषध सुरू झाले. पंत ठणठणीत.

शाबासकी यंत्राला, मला कपाट. "त्या घड्याळाचा पायगुणच वाईट," पंत भेटेल त्याला सांगतात, "हातातून काढलं आन् दुखणं गेलं!"

मला पाय नाहीत.

नव्या घड्याळाचा पट्टा ते सैल बांधतात. ठोका पुन्हा चुकला तर कळणार कोणाला? मित्रांनो, उरात अडखळले तर आधी उराकडे पाहा, घड्याळाकडे नंतर.

सबब माननीय कोर्टास विनंती की, अर्जदार घड्याळावरील आरोप रद्द व्हावा, त्यास मोरोपंतांच्या मनगटावर पूर्ववत आवळून बांधावे, आणि सुनावणीस मोरोपंतांची नाडी, मोरोपंतांना न कळवता, साक्षीदार म्हणून हजर करण्याचा हुकूम व्हावा.