चौथी तार

एलोडी पाच महिन्यांची असताना मी कामावर परतले. माझी रजा अजून बरीच उरली होती. ती नवऱ्याच्या, रेमीच्या नावावर केली आणि रोज सकाळी गातिनोहून पूल ओलांडून कनाटाला ऑफिसात जायला लागले. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "त्या यंत्रालाही आई लागते का गं?"

लागत होती. आमची कंपनी लघुलहरींचे रेडिओ-संच बनवते. कॅनडाच्या पार उत्तरेत, जिथे मोबाइल चालत नाही, तिथले शिकारी ते बर्फावर ओढायच्या स्लेजवर बांधून नेतात. संचाच्या पोटात एक चिप असते. बोलणाऱ्याचा आवाज तिच्याकडे आकड्यांच्या रूपात येतो आणि ती त्याच्या थेट ताकदवान लहरी करून आकाशात सोडते. हे करताना ती जितकी कमी वीज वाया घालवील, तितकी बॅटरी पुरते. नव्या संचासाठी चिपचे दोन आराखडे होते, एक माझा आणि एक ग्रॅहमचा. चिप घडवणाऱ्या कारखान्यात आमच्या वाट्याला जागा एकच. म्हणजे एक आराखडा प्रत्यक्षात येणार, दुसरा कपाटात जाणार. माझी तीन वर्षं त्यात गेली होती, पोटुशी असतानाचे नऊ महिने धरून. माझ्यामागे तो कपाटात गेला असता, म्हणून मी धावत परत आले होते.

जानेवारीत निवडीची बैठक झाली. शंभरातली किती वीज लहरींच्या कामी येते, त्याचा माझा तक्ता ग्रॅहमनं उचलून मोठ्यानं वाचला.

"एकेचाळीस टक्के? माझे त्रेपन्न आहेत. जोझे, बाळंतपणात गणित विसरलीस की काय?"

सगळे हसले. मीही हसले. तिथं हसावंच लागतं.

पण मी झोपलेल्या लेकराच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघणारी बाई. त्याचा तक्ताही मी तसाच पाहिला. चिपला चार तारांतून वीज जाते. त्यानं तीन मोजल्या होत्या. आतले खटके सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद करणारा जो भाग असतो, त्याची चौथी तार, सगळ्यांत खादाड, तक्त्यात कुठंच नव्हती. पाव भाजायचा खर्च सांगायचा आणि भट्टीतलं सरपण धरायचंच नाही, तसं.

"ग्रॅहम, चौथी तार कुठाय?"

"अगं, ती कोण धरतं?"

"बॅटरी धरते."

तो लॉरेनकडे वळला. लॉरेन आमची साहेब. माणूस वाईट नाही. ती म्हणाली, "तो खोटं बोलत नाहीये, जोझे. धंद्यात सगळे असंच मोजतात. तुझी चौथी तार काढली तर किती येतात?"

"अठ्ठावन्न. आणि त्याची धरली तर तेहतीस."

"म्हणजे तुझाच चांगला आहे! मग अठ्ठावन्न लिही की."

"दोघांचेही सगळं धरून लिहू या ना."

"आणि गिऱ्हाईक आपला एकेचाळीस बघणार, शेजारच्या दुकानाचा पंचावन्न बघणार. मग?" तिनं घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं देते. बदललास तर तुझा पाठवते, नाहीतर ग्रॅहमचा."

ती दहा मिनिटं मी बाळाचं दूध काढायच्या, आयांसाठी ठेवलेल्या खोलीत काढली. छातीला पंप लावलेला, हातात फोन, फोनवर पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र. एलोडी झोपली होती. मी स्वतःला समजावलं, मी अडून बसले तर वाईट चिप जाईल आणि खोटा आकडाही जाईल. मी वाकले तर निदान चिप तरी चांगली जाईल. असा प्रत्येकाचा काहीतरी चांगला मुद्दा असतोच. मी चौथी ओळ पुसली.

जूनमध्ये चिप घडून आली. चारही तारा धरून मोजली, बरोबर एकेचाळीस. इतकी अचूक उतरल्याचा आनंद मला बाथरूममध्ये जाऊन एकटीनं करावा लागला, कारण माहितीपत्रकावर अठ्ठावन्न छापून झालं होतं.

मग जोनासी अकावाकचा फोन आला. हा उत्तरेतल्या बॅफिन बेटावरच्या एका गावचा. तिथल्या शिकारी मंडळासाठी चाळीस संच घ्यायचे होते, आणि ते निवडायचं काम त्याच्याकडं होतं. फोन स्पीकरवर, लॉरेन, ग्रॅहम आणि मी टेबलाभोवती.

"बाई, चिप तुम्ही केलीय म्हणे. सरळ विचारतो. अठ्ठावन्न म्हणजे सगळं धरून का?"

लॉरेननं माझ्याकडं पाहिलं. ग्रॅहम पेनाचं टोपण लावत बसला.

"आमच्याकडं स्लेजवर एकेक किलोला भांडण असतं," जोनासी सांगत होता. "अठ्ठावन्न असेल तर तीन दिवसांच्या फेरीला एक बॅटरी पुरते. म्हणून विचारलं. माझी पोरगीपण जाते आता मामाबरोबर."

"सगळं धरून नाही," मी म्हणाले. "सगळं धरून एकेचाळीस. दोन बॅटऱ्या न्या. एक नेलीत तर तिसऱ्या दिवशी संच मुका होईल."

पलीकडं कागदावर पेन खरखरलं. मग, "बरं झालं विचारलं. उपकार झाले, बाई."

फोन ठेवल्यावर ग्रॅहम म्हणाला, "झालीस संत? आता तुझी तसबीर लावतो भिंतीला." लॉरेन कागद गोळा करून निघून गेली. मला बोलणीच हवी होती तिची.

सप्टेंबरात जोनासीनं मला एकटीला फोन केला. आवाजावरूनच कळलं.

"मंडळानं दुसऱ्यांचे संच घेतले. मी भांडलो, पण सभेत दोन कागद ठेवले होते. तुमच्यावर एकेचाळीस, मीच हातानं दुरुस्त केलेला. त्यांच्यावर साठ."

"त्यांना विचारलंत, सगळं धरून का म्हणून?"

"विचारलं ना. हो म्हणाले."

साठ सगळं धरून येतच नाहीत. त्यांची ती चिप मला ठाऊक होती; परिषदेत तिचे तक्ते मी पाहिले होते. चौथी तार धरली तर छत्तीस, फार तर सदतीस.

"जोनासी, काहीही करा, पण दोन बॅटऱ्या द्या."

"मी सांगितलं, बाई. ते म्हणतात, साठला दोन कशाला? दर संचाला एकच मंजूर झालीय. पहिली टोळी परवा निघतेय."

"तुमची मुलगी?"

"तिला मी माझ्याकडची जुनी बॅटरी बांधून देतोय. बाकीच्या एकोणचाळिसांना कोण देणार?"