सगळे आकडे सम

मी गणिताची. रक्त बघितलं की मला गरगरतं. तरी दादाने मला कॉलेजातल्या नोकरीतून ओढून इस्पितळाच्या संशोधन विभागात आणलं. म्हणाला, "तुझं गणित कुणाच्या तरी कामी येऊ दे." दादा हृदयाचा डॉक्टर. नव्या औषधाची चाचणी त्याची, आकडे तपासायचं काम माझं.

माझा स्वभाव संशयी. आई म्हणते, ही देवाकडेही पुरावा मागेल.

सोमवारी नाडीच्या नोंदी बघताना माझं डोकं सणकलं. वॉर्डातल्या सिस्टरने लिहिलेले सातशे आकडे, आणि एकूण एक सम. खरी नाडी अशी वागत नाही. बाई खुर्चीत बसून आकडे ठोकून देतात, अशी माझी खात्रीच झाली. शेजारच्या रकान्यात दादाने स्वतः मोजलेली नाडी; तिथे सम-विषम निम्मे निम्मे, अगदी हवे तसे. मी दादाला फोन केला.

"चाचणीच्या देखरेख समितीला कळव तिचं नाव, आजच," तो म्हणाला. म्हणजे सिस्टरची नोकरी गेलीच.

पत्र लिहून झालं, पण आधी बाईंना रंगेहाथ पकडावं म्हणून मी वॉर्डात गेले. सिस्टर पन्नाशीच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी एका आजोबांचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात हात सोडला.

"एकोणचाळीस. दुप्पट अठ्ठ्याहत्तर," असं पुटपुटत त्यांनी लिहिलं.

"पूर्ण मिनिट नाही मोजत?"

"चाळीस पेशंट आहेत, मॅडम. मोजतच बसले तर औषधं कोण देणार? इथे सगळे असंच मोजतात."

"मॅडमना वाटतंय, मी अर्धाच जिवंत आहे," आजोबा म्हणाले.

दुप्पट केलेली संख्या समच येणार, हे शाळकरी पोरालाही कळतं. मला स्वतःची लाज वाटली. सिस्टरचं 'सगळे' मात्र जिना उतरताना डोक्यात शिरलं.

दादा केबिनमध्ये डबा खात होता.

"दादा, तू नाडी कशी मोजतोस?"

"अर्धा मिनिट, गुणिले दोन. पूर्ण मिनिटाला वेळ कुणाला आहे? पाठवलंस पत्र?"

मी पत्र फाडलं आणि त्याच्या रकान्याचं पान डब्याशेजारी ठेवलं. लहानपणी मला पाढे यानेच शिकवले होते.

"पहिला आकडा एक्क्याऐंशी," मी म्हणाले. "याचे निम्मे किती होतात, दादा?"